म्हादईची दोन टोकं आणि खेकड्याचे डोळे

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या भाताच्या बांधावर खेकडा बिळाच्या तोंडाशी आला, की बघणारा हमखास सोबत्याला दबक्या आवाजात सांगतो, "हालू नको गा, बघायलाय त्यो." बघतोय हे खरं. पण तुमच्याकडेच बघतोय, असं नव्हे. तो तुमच्याकडे, तुमच्या मागच्या जांभळीकडे, स्वतःच्या पाठीमागच्या चिखलाकडे आणि वरच्या ढगांकडे एकाच वेळी बघतोय. दोन डोळे मिळून जवळजवळ सगळा गोल त्याच्या नजरेत असतो. मान वळवायची गरज नाही, आणि वळवायला मानही नाही. मग डोळे देठावर कशाला, आणि हे देठ सारखे हलतात कशाला?

हलतात ते डोळा एका जागी रोखून धरण्यासाठी. अंग डावीकडे वळलं की डोळा तेवढाच उजवीकडे वळतो. अंग पुढे कललं की डोळा मागे जातो. म्हणजे अंगाच्या हिशेबाने बघितलं तर डोळा चळवळ्या, आणि बांधाच्या, झाडाच्या हिशेबाने बघितलं तर खिळलेला. गॉर्डन वॉल्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६२ साली हेच मांडलं: प्राण्यांमध्ये डोळ्यांची हालचाल आली ती जगावरून नजर फिरवण्यासाठी नाही, तर जग स्थिर दिसावं म्हणून. पुढे मायकेल लँड यांनी मासे, कीटक, खेकडे, माणूस असे कितीतरी प्राणी तपासून त्याला भक्कम आधार दिला. मला विचाराल तर खेकड्याच्या डोळ्याबद्दल एवढी एक गोष्ट नीट कळली की बाकीच्या तिच्यामागून आपोआप येतात.

स्थिर कशासाठी? पहिलं उत्तर सगळ्यांना सुचतं: चित्र फरकटू नये म्हणून. ते बरोबर आहे, पण अर्धवट आहे. खेकड्याची नजर तशीही जाडीभरडी. युरोपच्या किनाऱ्यावरच्या हिरव्या खेकड्यात, म्हणजे कार्सिनस मीनासमध्ये, शेजारशेजारच्या दोन नेत्रिकांच्या, म्हणजे डोळा ज्या बारीक-बारीक घटकांचा बनतो त्यांच्या, दिशांत साधारण दीड-दोन अंशांचं अंतर असतं. माणसाची नजर एका अंशाचा साठावा भागही ओळखते. इतक्या भरड चित्राला थोड्याशा फरकटण्याने काय होणार? खरी अडचण वेगळी आहे. अंग वळलं की जवळचं आणि लांबचं सगळं सारख्याच अंशांनी सरकतं; त्यातून अंतर कळत नाही. अंग बाजूला सरकलं की मात्र जवळचं जास्त सरकतं आणि लांबचं कमी. त्यातून अंतर कळतं. दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळल्या तर दुसरी पहिलीखाली बुडते. म्हणून खेकड्याचा डोळा वळणं तेवढं वजा करतो आणि आडवं चालणं तसंच राहू देतो. वळणं वजा झाली, की उरलेल्या हालचालीत दोनच गोष्टी असतात: वस्तू किती लांब आहेत, आणि त्यांतली कुठली आपण होऊन हलते आहे. बगळा दुसऱ्या गटात मोडतो.

हे कसं घडतं ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. बेळगावहून लोंढ्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसलेल्याच्या डोळ्यांकडे समोरच्या बाकावरून बघा. बुबुळ एखाद्या खांबाबरोबर हळू मागे जातं, मग झटक्याने पुढे येतं, पुन्हा हळू मागे जातं. खेकड्याचंही तसंच. त्याच्याभोवती काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा नळकांडा फिरवला की देठ पट्ट्यांबरोबर हळूहळू वळत जातो, खोबणीची मर्यादा आली की झटक्याने परत येतो, आणि पुन्हा पट्टे धरतो. एड्रियन हॉरिज आणि डेव्हिड सँडमन यांनी १९६४ साली हिरव्या खेकड्यावर हे बारकाईने मोजलं. त्यांची एक युक्ती फार सुंदर आहे. बघणारा डोळा जागच्या जागी जखडायचा, आणि दुसरा झाकून आंधळा करून मोकळा सोडायचा. दिसतंय एकाला, हलतोय दुसरा. नेहमी डोळा वळला की पट्टे त्याच्यासाठी मंदावतात, आणि हालचाल आपली आपण आवरली जाते. इथे बघणारा डोळा वळतच नाही, त्यामुळे लगाम उरत नाही आणि आंधळा डोळा पट्ट्यांनाही मागे टाकतो.

हॉरिज यांच्या १९६६ च्या कामात याहून अचंबित करणारी गोष्ट आहे. खेकड्याचा डोळा सूर्याच्या सरकण्याला प्रतिसाद देतो. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे घड्याळाच्या तासकाट्याच्या निम्म्या वेगाने. तासकाटा सरकताना आपल्याला कधी दिसलाय? आणखी पुढचं: पट्टे दाखवायचे, दिवा मालवायचा, काळोखात नळकांडा किंचित सरकवायचा, आणि काही मिनिटांनी दिवा लावायचा. हालचाल खेकड्याने बघितलेलीच नाही. तरीही दिवा लागल्यावर डोळा पट्टे सरकलेल्या दिशेने वळतो. मघा पट्टे कुठे होते, हे त्याच्या लक्षात असतं. खेकड्याचा मेंदू तो केवढा, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग वाचावा.

घरी किंवा शाळेत करायचा असेल तर मापं अशी. नळकांड्याचा व्यास ३० सेंटिमीटर घ्या. परीघ ९४ भरतो. त्यावर २४ पट्टे, बारा काळे, बारा पांढरे, प्रत्येकी ३.९ सेंटिमीटर रुंद. खेकडा मधोमध असेल तर एकेक पट्टा १५ अंशांचा पडतो. बाजारात मिळणारी मोठी कार्डशीट एकटी पुरत नाही, दोन जोडाव्या लागतात. जोड पट्ट्याच्या कडेवरच घ्या, पांढऱ्याच्या मधे नको. नळकांडा दोऱ्याने वर टांगून सहा मिनिटांत एक फेरा, म्हणजे सेकंदाला एक अंश, इतक्या संथपणे फिरवा. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. हौसेने भराभर फिरवतात आणि खेकडा ढिम्म. त्याच्या दृष्टीने ते पट्टे नसून राखाडी धूर असतो.

फसण्याची दुसरी जागा म्हणजे नळकांड्याच्या वरून डोकावणारी खोली. ट्यूबलाइटची पट्टी, मोबाइल, तुमचं डोकं यातलं काहीही स्थिर दिसलं की डोळा त्याला धरून बसतो आणि पट्ट्यांकडे दुर्लक्ष करतो. वर पांढरा पातळ कागद ताणा, मोबाइलच्या भिंगापुरतंच भोक ठेवा. काचेच्या बरणीऐवजी उथळ पांढरा वाडगा घ्या, काचेत प्रतिबिंबं पडतात. पाणी दोन सेंटिमीटर पुरे. टेबलाला धक्का लागला की देठ आडवे होऊन खोबणीत जातात, आणि ते बाहेर यायची वाट बघण्यावाचून इलाज नाही. सुरुवातीला अर्धा तास सोडूनच द्या. नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा मुळीच घेऊ नका. कातीबरोबर डोळ्यावरचा पारदर्शक पडदाही गेलेला असतो, आणि नवा अजून कोवळा असतो.

या भागात या कामाला जो खेकडा हाती लागतो तो घाटमाथ्यावरचा बॅरिटेल्फ्युसा जातकुळीतला. त्याला बघून लोक निराश होतात, कारण चित्रात दाखवतात तसे लांब दांडीवरचे डोळे त्याला नाहीत. देठ आखूड, एकमेकांपासून लांब, कवचाच्या कडेच्या खोबणीत अर्धे बुडालेले. मधला कपाळपट्टा रुंद. देठ हलतो तोही थोडाच. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघू नका. मोबाइलवर वरून चित्रण करा आणि देठाचं बूड खोबणीच्या कडेशी कितीदा, किती सरकतं ते एकेक चित्र थांबवून बघा.

लांब दांडीचे डोळे बघायचे तर म्हादईबरोबर खाली उतरावं लागतं. ही नदी खानापूर तालुक्यात देगावजवळ, भीमगडच्या जंगलात उगम पावते, गोव्यात जाऊन मांडवी होते आणि पणजीजवळ समुद्राला मिळते. तिच्या पाण्याच्या वाटणीवर लवाद बसला, १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला, आणि भांडण अजून आहेच. त्या भांडणात खेकड्याच्या डोळ्यांचा संबंध नाही, पण डोळ्यांच्या अभ्यासाला एवढ्याशा नदीत दोन टोकांना दोन वेगळी जगं मिळणं ही चैनच आहे. वरच्या टोकाला धोंडे, मुळ्या, जांभा दगड, ओहोळ. समोरचा धोंडा बाजूला झाला की मागे दुसरा. खालच्या टोकाला, चोडण बेटाच्या खाजणात, ओहोटी लागली की मैलभर सपाट चिखल आणि त्यावर एक नांगी मोठी असलेले, ती हलवून माद्यांना बोलावणारे फिडलर खेकडे. त्यांचे देठ उभे, लांब, कपाळाच्या मध्यावरून एकमेकांना खेटून उगवलेले.

योखेन त्साइल यांनी नालबाख दांपत्यासह १९८६ साली थोडं पाण्यात, थोडं जमिनीवर राहणाऱ्या खेकड्यांची अशीच विभागणी केली: सपाटीवर राहणारे जवळ-जवळच्या लांब देठांचे, आणि खडकाळ, गुंतागुंतीच्या जागी राहणारे दूर-दूरच्या आखूड देठांचे. सपाटीवर उंच देठाचा उपयोग काय, याचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर होतो. डोळा चिखलापासून अडीच सेंटिमीटर उंच धरा. ३० सेंटिमीटरवर दुसरा खेकडा उभा असेल तर त्याचे पाय क्षितिजाच्या खाली पावणेपाच अंशांवर दिसतात. १० सेंटिमीटरवर असेल तर १४ अंशांवर. म्हणजे जमीन सपाट असली की अंतर मोजायला दोन डोळ्यांचा मेळ घालावा लागत नाही. पाय क्षितिजापासून किती खाली आहेत एवढं बघितलं की झालं. देठ जितका उंच, तितका हा कोन मोठा आणि माप नेमकं. या खेकड्यांच्या डोळ्यात क्षितिजाच्या पट्ट्यात उभ्या दिशेने नेत्रिका दाट लावलेल्या असतात, त्या याचसाठी.

आता हाच डोळा दोन अंशांनी कलला असं समजा. ३० सेंटिमीटरवरचा शेजारी डोळा एका बाजूने कलल्यास ५२ सेंटिमीटरवर दिसेल, दुसऱ्या बाजूने कलल्यास २१ वर. दोन अंशांच्या चुकीने शेजारी जवळजवळ पावणेदोनपट लांब गेला. आणि चिखलात आडवं पळणाऱ्या प्राण्याचं अंग दोन अंशांनी कलणं म्हणजे काहीच नाही, पाय एका खळग्यात गेला की झालं. म्हणून फिडलर पळतानाही देठ ताठ उभे राखतो. शिवाय क्षितिजाची रेघ शत्रू-मित्राची हद्दही ठरवते. आपल्या उंचीचा शेजारी या रेघेच्या वर जात नाही, पक्षी जातो. लेन, लँड आणि त्साइल यांनी १९९७ मध्ये तपासलं तेव्हा रेघेच्या वर हलणाऱ्या ठिपक्याला खेकडे पळाले, तसाच ठिपका रेघेखाली हलला तर फारसे बिचकले नाहीत. डोळा कलला तर शेजारी घार होतो आणि घार शेजारी.

वरच्या टोकाच्या खेकड्याला क्षितिजच दिसत नाही. मग तो डोळा कशाच्या आधाराने सरळ ठेवतो? खेकड्याकडे यासाठी तीन साधनं आहेत. एक नजर. दुसरं लहान मिशांच्या बुडाशी असलेल्या तोल सांभाळणाऱ्या पुट्या, स्टॅटोसिस्ट. तिसरं पाय: सांध्यांतले संवेदक कुठला पाय किती वाकला ते कळवत असतात, आणि त्यावरून अंग किती वळलं, जमीन किती कलली, याचा हिशेब लागतो. हान्स-ऑर्टविन नालबाख यांनी १९९० च्या सुमाराला निरनिराळ्या जातींची तुलना केली, तेव्हा दिसलं की पोहणारे खेकडे मुख्यतः पुटीवर विसंबतात, सपाटीवरचे नजरेवर, आणि खडकांतले पायांवर बराच भार टाकतात. हे कळल्यावर बांधावरच्या खेकड्याचे आखूड डोळे मला कधी उणे वाटले नाहीत.

पायांचं काम वेगळं काढून बघता येतं. खेकडा मागून, कवचाच्या दोन्ही कडांना अंगठा आणि तर्जनीने धरा. नांग्या तिथवर वळत नाहीत. पाय एका खरखरीत पाटीवर नुसते टेकू द्या. अंग अजिबात न हलवता दुसऱ्या माणसाने पाटी पंधरा-वीस अंश कलवायची. देठ सरकले तर ते पायांच्या सांगण्यावरून, कारण पुटी तर जागची हललेलीच नाही. पण नजर आधी बाद करायला हवी, नाहीतर पाटी कललेली दिसतेच. म्हणून प्रयोग अंधुक लाल उजेडात करायचा. खेकड्यांच्या डोळ्यातलं मुख्य रंगद्रव्य निळ्या-हिरव्या उजेडाला सर्वाधिक दाद देतं, लाल उजेड त्याला फार कमी जाणवतो. विजेरीवर लाल जिलेटिनचे दोन थर लावले की भागतं. उलट खेकडे धरायला जाणारे पांढरा झगझगीत झोत नेतात, तेही आपल्या जागी बरोबर आहे. रात्रीसाठी तयार झालेल्या डोळ्यावर एकदम झोत पडला की त्याच्या संवेदक पेशी भरून जातात.

पुटीची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोळंबीच्या पुटीत वाळूचे कण असतात, आणि कातीबरोबर पुटीचं अस्तरही गळून पडतं, कण जातात. मग ती आपल्या चिमट्याने नवे कण आत भरते. आलोइस क्रायडल यांनी १८९३ मध्ये व्हिएन्नात कात टाकलेल्या कोळंबीला वाळूऐवजी लोखंडाचा कीस दिला. तिने तोच भरून घेतला. वर लोहचुंबक धरल्यावर तिला वर आणि खाली कुठे ते कळेना, आणि ती चुंबकाच्या ओढीप्रमाणे कलली. खेकड्यात प्रकरण पुढे गेलेलं आहे: प्रत्येक पुटीत द्रवाने भरलेल्या दोन वळणदार नळ्या, एक आडवी, एक उभी, आपल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांच्या धर्तीवर. सँडमन आणि ओकाजिमा यांनी १९७२ मध्ये ही रचना ज्या खेकड्यात उलगडली तो स्कायला सेराटा, म्हणजे खाडीतल्या मोठ्या चिंबोरीचाच गोतावळा. गोव्याकडून चोर्ला घाट चढून बेळगावच्या कॅम्पातल्या फिश मार्केटमध्ये नांग्या बांधून येते ती.

तिथूनच ताजी मोठी कोळंबी घ्या आणि सूक्ष्मदर्शक असेल तर तिचा डोळा बघा. दहापटीच्या भिंगाने भागत नाही, चाळीसपट तरी हवं. डोळा कापून पाण्यात ठेवायचा, मऊ कुंचल्याने आतला काळा गर झाडायचा, आणि उरलेला पारदर्शक पापुद्रा काचपट्टीवर पसरायचा. तो वाटीसारखा असल्यामुळे सरळ पसरत नाही. कडेला तीन-चार चिरा द्याव्या लागतात. खेकड्याच्या डोळ्यात षटकोन दिसतात, कोळंबीच्या डोळ्यात चक्क चौकोन. कोळंबी उजेड भिंगाने वाकवून नव्हे, तर चौकोनी नळ्यांच्या आरशासारख्या भिंतींवरून परतवून एकत्र आणते. क्लाउस फोग्ट यांनी क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या, शेवंडीसारख्या प्राण्यात आणि लँड यांनी कोळंबीत हे १९७५-७६ च्या दरम्यान दाखवलं. रॉजर एंजल यांनी १९७९ मध्ये सुचवलं की क्ष-किरणांना भिंग चालत नाही, पण असे आरसे चालतील. जानेवारी २०२४ मध्ये चीनने सोडलेल्या आइन्स्टाइन प्रोब या उपग्रहावरची आभाळाचा मोठा भाग एकदम टिपणारी दुर्बीण त्याच तत्त्वावर चालते.

कोळंबीचा लांबचा नातलग असलेल्या मँटिस श्रिंपबद्दल थोडक्यात. त्याच्या रंग ओळखणाऱ्या बारा प्रकारच्या पेशींचं कौतुक इंटरनेटवर गरजेपेक्षा जास्त झालंय. २०१४ च्या प्रयोगात जवळजवळच्या छटा वेगळ्या करण्यात तो माणसाहून कच्चा निघाला. मला त्याची डोळे फिरवण्याची तऱ्हा जास्त चक्रावते. बाकी सगळे डोळा स्थिर ठेवायला धडपडतात, हा मुद्दाम फिरवतो, तेही दोन्ही डोळे वेगवेगळे, आणि देठाभोवती पिळूनसुद्धा. २०१६ मध्ये इल्स डेली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या पिळण्याने ध्रुवित प्रकाशातला, म्हणजे ज्याची कंपनं एकाच दिशेत होतात अशा उजेडातला, फरक त्याला ठळक दिसतो. वॉल्सच्या नियमाला इतका ठसठशीत अपवाद दुसरा नाही.

देठात नुसता डोळा नसतो. नजरेच्या मज्जागाठी तिथेच असतात, आणि कात टाकणं रोखून धरणारं संप्रेरकही तिथूनच सुटतं. म्हणून कोळंबीच्या बीजकेंद्रात माद्या लवकर पिकाव्यात म्हणून एका बाजूचा देठ चिमटतात. अंडी रोखणारा लगामही तिथेच आहे. प्रकार क्रूर आहे, आणि तो न करता बीज काढायचे प्रयत्न चालू आहेत. देठ गमावलेल्या जागी काय उगवतं, हेही ऐकण्यासारखं: कुर्ट हेर्ब्स्ट यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसलं, की मज्जागाठी शाबूत ठेवून नुसता डोळा काढला तर पुन्हा डोळा येतो, गाठींसकट काढला तर तिथे मिशी उगवते.

प्रयोगाला खेकडा नेताना एक बघा. उलटा करून पोटाखालची झडप किंचित उचला. रुंद झडप म्हणजे मादी. पावसाळ्यात तिच्याखाली अंडी किंवा मुगाएवढी पिल्लं चिकटलेली असतील तर तिला तिथेच सोडा. खाजणातल्या खेकड्याची पिल्लं समुद्रात तरंगत वाढतात, आणि पहिल्या अवस्थेत त्यांच्या डोळ्यांना देठही नसतात. घाटावरच्या खेकड्याला ती सोय नाही. त्याचं पिल्लू पूर्ण खेकडा होऊनच बाहेर पडतं, आखूड देठांसकट, आणि आईच्या पोटाखालून उतरून पाय दगडाला टेकवतं.